टेबलामागचा डाग

शनिवार, संध्याकाळ

टेबल आलं एकदाचं. साधंच, एका ड्रॉवरचं, सोबत एक खुर्ची. जमिनीवर मांडी घालून शाळेच्या वह्या तपासून माझे गुडघे गेलेत, म्हणून घेतलं. आमच्या एका खोलीत उजेड फक्त दाराजवळ. आई वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली होती, तेवढ्यात तिथंच लावून टाकलं.

ती जागा तिची. तीस वर्षं तिथं भिंतीला पाठ टेकून ती विड्या वळतेय. भिंतीवर तिच्या पाठीचा काळपट डाग पडलाय. टेबलाआड गेला, बरं झालं, असं मनात आलं. खरंच आलं. तिला आधी विचारायला काय झालं होतं मला?

ती आली. टेबलावरून हात फिरवला. "चांगलं हाय की. लई गुळगुळीत." मग पानं-तंबाखूचं सूप उचलून मोरीजवळ अंधारात विड्या वळायला बसली.

"तिथं दिसतं का गं?"

"हाताला दिसतंय."

मी वह्या उघडल्या. दोनदा तिने पाठ सरळ केली, तिसऱ्यांदा उठली. सूप घेऊन वाकून सरळ माझ्या टेबलाखाली शिरली आणि त्या डागाला पाठ लावून बसली. उजेड तिथंही नव्हता.

"हितं पाठीला बरं वाटतं. तू लिही की. पाय लागला तर लागू दे."

आईला पाय कसा लावायचा? वह्या तशाच पडल्यात. नव्या खुर्चीवर मांडी घालून हे लिहितेय.