पाठीवरचा डाग

रविना बेटी,

तळोद्यात तीन जिपांचा मालक झालो, तो कान उघडे ठेवून. काल दवाखान्यातही पडद्याबाहेर बसून सगळं ऐकलं. डॉक्टरबाईंनी पाठीवरच्या व्रणाचं विचारलं, तर तू म्हणालीस, "लहानपणी चुलीवर पडले."

तू पडली नव्हतीस. दीड वर्षाची होतीस, छाती भरली होती. आपल्या पाड्यात अशा लेकराला तापल्या विळ्यानं डाग देत. तू जगावीस म्हणूनच दिला, पण विळा माझ्या हातात होता. आईनं तुला हे कधीच सांगितलंय, तेही मी ऐकलंय. म्हणजे काल तू माझ्यासाठी खोटं बोललीस.

बाई म्हणाल्या, व्रण पुरता जाणार नाही, पण रोज जेल चोळलं तर मऊ पडेल. तुझा हात तिथं पोचत नाही आणि आई खापर गावी गेलेली, म्हणून आज सकाळी ट्यूब माझ्यापुढे धरलीस. मी नुसतं बोट टेकवत होतो. तू हसलीस, "बा, काय मुंगी चालवतोस? दाबून चोळ. आता नाही दुखत."

हे पत्र तुला देणं जमणार नाही. पण पुढच्या बुधवारी परत दाखवायला जाऊ, तेव्हा डॉक्टरबाईंना खरं काय ते मी सांगणार. तू मधे बोलू नकोस.

तुझा बा,
रूपसिंग