बोटभर अंतरावरचं टेबल

लिहून ठेवणार बेन्युएल पीटरशाइम, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा सुतारकाम, पंथ आमिश, राहणार लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात नाही. तो मार्चपासून थरथरतो, म्हणून मी सांगतो आहे आणि दूध नेणारा ट्रकवाला ग्लेन हॉफर लिहून घेतो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही. शपथ घेणे आमच्या पंथात बसत नाही, तेव्हा शपथेशिवाय सांगतो. पुढे ज्यांची नावे येतील त्यांनी मात्र ते शपथेवरचेच समजावे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांबद्दल चांगले लिहिले होते.

एक. शेत माझा मुलगा रूबेन यास मी हयातीतच दिलेले आहे. त्याला आणखी काही नको असते आणि त्याचे काही म्हणणेही नसते. पंथाला असाच माणूस आवडतो.

दोन. माझे राहते छोटे घर, मागची कामाची शेड आणि शेडमधली सर्व अवजारे, म्हणजे रंधे, पटाशा, गिरमिटे, शिकंजे आणि धार लावायचा दगड, ही माझी मुलगी मलिंडा वेंगर हिला द्यावीत. पटाशीला धार लावावी तर तिनेच. रूबेन दगडावर पटाशी घासतो तेव्हा मला माझेच दात दगडावर घासल्याचा भास होतो. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, वाळीत टाकलेल्या बाईला घर कसे, असे कोणी विचारील. विचारू दे. घर मी बांधले, मंडळीने नाही.

तीन. जावई कर्टिस वेंगर यास माझी रुंद काठाची काळी हॅट. ती त्याला केव्हाची हवी आहे. कर्टिस जन्माने मेनोनाइट, म्हणजे आमचेच चुलत भाऊबंद, पण मोटार आणि वीज घेतलेले. तेवढ्याने त्याचे भागले नाही. त्याने टायरच्या जुन्या दुकानात स्वतःचे प्रार्थनागृह काढले. तिथे गिटार वाजते, भिंतीवर पडदा असतो, आणि त्या पडद्यावर आमच्या घोडागाड्यांची चित्रे दाखवून तो सांगतो, "हे बिचारे नियम पाळून स्वर्ग मिळवायला निघालेत." बिचारे म्हणे! हा गृहस्थ जन्मात कधी गाईच्या कासेला हात लावायला उठलेला नाही.

पहिल्यांदा घरी आला तो बूट काढायच्या आधीच म्हणाला, "बाबा, आत्ता या घटकेला तुम्ही गेलात, तर तुमचं तारण झालंय याची खात्री आहे का?"

"आशा आहे," मी म्हणालो. खात्री आहे म्हणणे आमच्यात गर्व धरतात.

"नुसत्या आशेवर नाही चालत, बाबा. मला खात्री आहे."

"मग तू पुढे हो. जागा बरी असली तर कळव."

मलिंडा ॲप्रन तोंडाला लावून हसली. त्या हसण्यापायी मी कर्टिसला इतकी वर्षे सहन केले. हॅट त्याने पडद्यापुढे खुशाल टांगावी, पण आधी एक अख्खा हंगाम ती डोक्यावर घालून वाळलेले गवत भरावे. ग्लेन म्हणतो, अशी अट कायद्यात टिकणार नाही. न टिकेना का. लिही.

चार. बिशप एलम ग्लिक, माझी कै. पत्नी सविला हिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, यास माझी घडीची लाकडी मोजपट्टी. याच पट्टीने त्याने एकदा माझ्याच शेडमध्ये उभे राहून माझ्या हॅटचा काठ मोजला. पाव इंच कमी भरला. त्यापायी मला सगळ्या मंडळीपुढे गुडघ्यावर बसून चूक कबूल करावी लागली. पाव इंचासाठी! घरात फोन ठेवला तर पाप, कोंबड्यांच्या खुराड्यामागे खोपटात ठेवला तर चालतो. मोटार विकत घेतली तर नरक, दुसऱ्याच्या मोटारीत बसून दाताच्या डॉक्टरकडे गेले तर हरकत नाही. हे सगळे एलमला तोंडपाठ. येशूने डोंगरावर काय सांगितले ते मात्र त्याला चाचपडत आठवावे लागते. पट्टी त्याने बरोबर न्यावी. स्वर्गाच्या दाराची रुंदी त्याला नापसंत पडेल, तेव्हा लागेल.

पाच. आता लहान टेबल. हे कोणाला द्यायचे ते शेवटी सांगतो, आधी ते कसे झाले ते सांगणे भाग आहे.

मलिंडाने एकोणिसाव्या वर्षी आमच्यात बाप्तिस्मा घेतला आणि तेविसाव्या वर्षी कर्टिसशी लग्न करून मंडळी सोडली. बाप्तिस्म्याआधी गेली असती तर कोणी काही म्हटले नसते. नंतर गेली म्हणून एलमने तिला वाळीत टाकले. म्हणजे काय, तर तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचे नाही आणि तिच्या हातून काही घ्यायचे नाही. तिने ताट टेबलावर ठेवायचे, मग आपण उचलायचे. हे सांगायला एलम आमच्याच स्वयंपाकघरात, आमचीच कॉफी पीत बसला होता.

मलिंडा म्हणाली, "मामा, मला खांद्यावर बसवून गाईंच्या लिलावाला नेत होतात. आता माझ्याशेजारी बसून जेवायला तुमच्या पोटात दुखतं?"

"मी काही करत नाही, पोरी. मला देवानं निवडलंय. चिठ्ठी माझ्या पुस्तकात निघाली, तुझ्या बापासमोर. विचार त्याला."

तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो. माझ्यासमोर निघाली."

त्याच आठवड्यात मी उरलेल्या ओक लाकडाचे लहान टेबल केले. उंची मोठ्या टेबलाएवढीच. दोन्ही बोटभर फट ठेवून जवळ लावायची आणि सविला दोन्हींवर मिळून एकच मेणकापड अंथरायची. कायद्याला दोन टेबले, डोळ्याला एक. एलम एकदा आला, त्याने मेणकापड उचलले आणि फट आहे की नाही ते आत बोट घालून पाहिले. हा आमचा धर्म, आणि हे त्याचे बोट!

सविला गेली तेव्हा दफनानंतरच्या जेवणाला लहान टेबल उचलून चुलीमागे नेले होते. घरभर माणसे, कुस्करलेले बटाटे, मांसाचे काप, शिजवलेले आलुबुखार, आणि आईची लेक भिंतीकडे तोंड करून एकटी जेवली. मी मोठ्या टेबलाच्या टोकाला बसलो होतो. मी उठलो नाही.

सहा. गीतांचे एक जुने पुस्तक माझ्या पेटीत तळाशी आहे. ते एलमला द्यावे, आणि त्याची हकीकत अशी.

१९८६ च्या वसंतात मंडळीला नवा उपदेशक हवा होता. आमच्यात उपदेशक शिकून होत नाही, चिठ्ठीने होतो. आम्ही सात जण निवडीला उभे होतो. टेबलावर गीतांची सात पुस्तके, प्रत्येकाला दोरा बांधलेला, आणि एकातच चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात ती निघेल त्याला देवाने निवडले. मग जन्मभर फुकट उपदेश करा, भांडणे सोडवा, माणसे पुरा. कोणालाच ते नको असते. बायका आधीपासून रडत असतात.

वयाने मी मोठा, म्हणून पहिली पाळी माझी. मी एका पुस्तकावर हात ठेवला; पेटीतले ते हेच. त्याच हिवाळ्यात त्याची पाठ मी सरसाने चिकटवली होती, तरी ते नीट मिटलेले नव्हते. वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे टोक दिसत होते. मी हात उचलला आणि शेजारचे पुस्तक घेतले.

माझ्यामागून एलम आला. त्याने मी सोडलेले उचलले.

दोरा सोडल्यावर चिठ्ठी निघाली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. एलम तोवर चांगला माणूस होता. शीळ वाजवायचा. ती त्या दिवसापासून बंद झाली. चार वर्षांनी जुने बिशप वारले आणि उपदेशकांत पुन्हा चिठ्ठी टाकली, तीही त्यालाच. त्यात माझा हात नव्हता. त्याबद्दलची तक्रार मी वर गेल्यावर मांडीन.

पण पहिली चिठ्ठी माझी होती. तेहतीस वर्षे तो मनुष्य "देवानं मला निवडलंय" म्हणत लोकांच्या हॅटा मोजतो आहे, आणि निवडला कोणी, तर एका भित्र्या सुताराने. मी ते पुस्तक उचलले असते तर मलिंडाला वाळीत टाकले असते का? कदाचित टाकले असते. कदाचित हीच पट्टी माझ्या हातात असती. म्हणूनच एलमला पाहिले की माझे टाळके सटकते.

सात. हात थरथरू लागल्यावर एप्रिलमध्ये मलिंडा सूप घेऊन आली. माझा चमचा बशीवर वाजत होता. तिने तो माझ्या हातून घेतला, भरला आणि माझ्या तोंडाशी आणला. "आ करा, बाबा."

मी म्हणालो, "टेबलावर ठेव."

तिने ठेवला. मी उचलला. निम्मे शर्टावर सांडले. तिने ते पुसले.

आठ. लहान टेबल मी कोणालाच देत नाही. माझ्या दफनानंतर ते मोठ्या टेबलाशेजारी बोटभर फट ठेवून मांडावे आणि त्यावर माझे रिकामे ताट ठेवावे. चिठ्ठीशी लबाडी करणाऱ्याची जागा तीच. मोठ्या टेबलावरच्या माझ्या जागी मलिंडाने बसावे. जेवण वाढल्यावर हे मृत्युपत्र ग्लेनने मोठ्याने वाचावे. रूबेनला वाचायला देऊ नये, त्याच्या घशात अडकेल. तोपर्यंत यातला एक शब्दही कोणाला कळू देऊ नये.

ठिकाण: माझी कामाची शेड. तारीख: ९ सप्टेंबर २०१९.
बेन्युएल पीटरशाइम (डाव्या हाताने)
साक्षीदार: ग्लेन हॉफर, ट्रकचालक. डॉर्कस ब्रूबेकर, परिचारिका.

पुरवणी

सही झाल्यावर ग्लेन टोपण लावता लावता म्हणाला, "म्हातारबा, म्हणजे तुम्ही मेल्यावर हे मी वाचायचं, आणि एलम काय म्हणतो ते मलिंडानं ऐकायचं. तुम्ही पुन्हा शेजारचंच पुस्तक उचललंत की हो."

मी त्याला शेडबाहेर हाकलला. नऊ दिवस त्याच्याशी बोललो नाही. आज मीच त्याला बोलावले आहे, कारण मेल्याचे म्हणणे खरे आहे.

कलम आठमधले, माझ्या दफनापर्यंत कोणाला कळू देऊ नये, हे वाक्य रद्द. मलिंडाला आज सगळे सांगितले.  ती म्हणाली, "त्या दिवशी मामासमोर मी तुमच्याकडे पाहिलं होतं, बाबा."

मी म्हणालो, "माहीत आहे."

एलमला शनिवारी कॉफीला बोलावले आहे. पुस्तक काढून ठेवले आहे. त्याच्या तोंडावर सांगीन. मग त्याने मला वाळीत टाकावे, लहान टेबल तयारच आहे.

नंतर दुपारी बारा वाजता मलिंडा वेंगर हिने वर नमूद दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मला चमच्याने सूप भरवले, व मी ते तिच्या हातून घेतले. बशी संपेपर्यंत घेतले. मीठ कमी होते.

ठिकाण: मोठे टेबल. तारीख: १८ सप्टेंबर २०१९.
बेन्युएल पीटरशाइम
समक्ष पाहिले: ग्लेन हॉफर. डॉर्कस ब्रूबेकर.