निरोप कोणाच्या फोनवर

१२ ऑगस्ट, अकोला
बातम्या धाडून उरलेल्या वेळात हल्ली संमतीच्या ॲपचं मराठी लिहितो. दवाखान्यातली आपली माहिती कोणी पाहावी ते रुग्णाने ठरवायचं. कोणी पाहिली की फोनवर निरोप. केतकी (पुणे, ॲप तीच आखते) म्हणाली, "सर, निरोपात विभागाचं नाव नको." मी : अर्धं सत्य नको. शाळेत 'सत्य' या विषयावर निबंधाला पहिलं बक्षीस होतं माझं. विभागाचं नाव राहिलं.

१९ ऑगस्ट
चाचणीला माणसं हवीत. जुन्या शहरात कमलताईला गाठलं. वर्षानुवर्षं तिच्याकडून फुलं घेतो. तिला झोप येईना तेव्हा डॉक्टर मीच सुचवला होता. घरी कोणाला पत्ता नाही. "तुमी म्हन्ता तं करतो, भाऊ." नंबर नवऱ्याचा दिला. "माया कुठला फोन! मालकायचाच हाये." टिपला.

२ सप्टें.
कमलताईची जागा तीन दिवस रिकामी. शेजारची भाजीवाली : "काहून पुसता? अचलपूरले धाडली नवऱ्यानं, माहेरी. फोनवर आलं ना, येड्याच्या डाक्टरनं कागद पाह्यले म्हनून."
'मनोविकार विभागातील आपल्या नोंदी आज डॉक्टरांनी पाहिल्या.' वाक्य माझं. एकही चूक नाही त्यात.
केतकीला कळवलं. निरोप लगेच बंद केले तिने. 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

७ सप्टें.
एसटीने अचलपूर. कमलताई दारात गवार निवडत होती. क्षमेची तीन वाक्यं घोकून गेलो होतो, बरी जमली होती. पहिल्यावरच तिने अडवलं.
"माहिती कोणाले द्याची, पुसलं होतं तुमी. मी म्हटलं डाक्टरले. मालकायले द्या म्हनून कवा म्हटलं?"
उरलेली दोन वाक्यं गिळली.
गोळ्या संपल्यात. गुरुवारी अकोल्यात तपासणी. सोबत येतो म्हटलं.
"नका येऊ. तुमाले पाहून अजून चार जनायले समजन. जमलं तं जाईन, नायी तं नायी."
चहा मात्र दिला.

११ सप्टें., गुरु.
सकाळपासून रुग्णालयासमोरच्या टपरीवर. हातात पेपर, उलटा नव्हता एवढंच. दहाच्या सुमारास स्टँडकडून ऑटो आला, फाटकाशी थांबला. आधी एक पिशवी खाली ठेवली कोणीतरी, मग लुगड्याचा काठ. आणि तेव्हा सुचलं : ती आली की नाही हे मला कळावं, असं तरी तिने कुठे म्हटलंय?
पाठ फिरवली. चहा तसाच टाकून निघालो.