दोन पिंपांची झाकणं

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय अवजड यंत्रांची देखभाल, आरंभीच नमूद करतो की माझं हायड्रॉलिक तेलाचं नरसाळं पुन्हा जागेवर नाही. इंजिन तेलाचं आहे. दोहोंचा संकर होऊ नये म्हणून तीस वर्षं चालवलेलं धर्मयुद्ध सौभाग्यवतींनी एका फिनेलच्या बाटलीसाठी निष्फळ केलं. हे दुःख नोंदवून हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना करतो.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी तारीख विचारली, ती मी बरोबर सांगितली. त्यांच्या पाठीमागे कॅलेंडर होतं, हेही सत्य म्हणून लिहितो.

१. घर व शिल्लक पत्नीला. नरसाळ्याचा गुन्हा माफ.

२. शेड, पाने, ग्रीस गन आणि तेल निवडण्याचा अधिकार मुलीला. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच तेल तिने घ्यावं. थंडीत किती पातळ, उन्हाळ्यात किती जाड, ते तिथला तक्ता बघून ठरवावं. मी दोन बोटांत चोळून आणि हुंगून ठरवत आलो. "बाबा, लिहिलंय ते वाचा ना," असं ती म्हणे, तेव्हा मी तिला प्रत्यक्ष प्रमाण आणि शब्द प्रमाण यांतला भेद समजावत असे. तो तिने विसरावा.

३. पिंपांवरची छापील अक्षरं तेलाने पुसली जातात, म्हणून मी झाकणांवर रंगाने लिहीत आलो: इंजिन तेलाच्या 'अग्नी', हायड्रॉलिकच्या 'वरुण'. यापुढे नावं पिंपाच्या अंगावर लिहावीत. का, ते पुढच्या कलमात.

४. माझं घड्याळ व एक्स्कॅव्हेटर धाकट्या भावाला. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने ते यंत्र सुरू केलं, तर यंत्राचा हात उचलेना, आणि पंप किंचाळून बसला. चार माणसांदेखत मी ठरवून टाकलं की यंत्र गरम होऊ न देता यानेच लीव्हर ओढला. तो एवढंच म्हणाला, "दादा, टाकीत कुठलं तेल गेलंय, एकदा बघशील?"

"तू लीव्हर सांभाळ. तेल मला शिकवू नकोस."

त्याने किल्ली बाकावर ठेवली. तेव्हापासून तो दुसऱ्यांची यंत्रं चालवतो.

आदल्या दिवशी मी दोन्ही झाकणं धुतली होती, आणि मग झाकणावरचं नाव बघून टाकीत तेल भरलं होतं. साबण, ब्रश, उन्हात वाळत ठेवलेली झाकणं, सगळं आठवतं. कुठलं कुठे बसवलं, ते कधी असं आठवतं, कधी तसं. पंप बदलणारा मिस्त्री म्हणाला, निघालेलं तेल हायड्रॉलिकच्या मानाने फार जाड होतं. मी म्हणालो, थंडी. ती पिंपं केव्हाच रिकामी होऊन गेली. तरी दोष भावाचा नव्हता, हे त्याच चार माणसांसमोर मोठ्याने वाचावं.

स्थळ: शेडमधली तेलाची खोली.
दिनांक: चौदा डिसेंबर, मुलीला विचारून.
साक्षीदार: शेजारचा वेल्डर (सही), वर उल्लेखिलेले डॉक्टर (सही).
करून देणार: (सही)

सहीनंतरची जोड: मुलीने वाचून विचारलं, "हे काकांना तुम्ही गेल्यावर कशाला सांगायचं? आज जा." जातो. मरणाची मला फारशी काळजी नाही. आज सकाळी दोन्ही नव्या पिंपांत बोट बुडवून हुंगलं, आणि फरक कळला नाही. तरी रोड रोलरमध्ये तेल ओतून आलो. रोलरची किल्ली मुलीने काढून घेतली आहे. ओतताना माझी पूर्ण खात्री होती. काळजी त्या खात्रीची आहे.