फुगलेला पत्रा

३ मे, शनिवार
ठरलं. ट्रेलर मीच दुरुस्त करणार. मागच्या खिडकीखाली बाहेरचा पत्रा पोट सुटल्यासारखा फुगलाय, एवढंच. सासऱ्यांचा जुना ट्रेलर. आत दोन बाकं, एक शेगडी. गाडीला जोडायचा नि निघायचं. बायकोच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. सासरे गेल्यापासून आमच्या अंगणात उभा आहे. महिनाअखेरीस तिला तो घेऊन समुद्रावर जायचंय. जाऊ की!

मेहुणा म्हणाला, "दाजी, आत पाणी मुरलंय. पत्रा काढून आधी लाकूड बघा." माणूस चष्मे विकतो. त्याला भिंतीच्या आतलं दिसतं!

४ मे, रविवार. सकाळी
दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले. एकजात मूर्ख. पत्रा सोडवा, कुजकं लाकूड काढा, वाळू द्या, नवं बसवा, खिडकीच्या कडा सील करा. रिकामटेकडे लेकाचे. माझी पद्धत: ग्लू आणि दाब. फुगलंय ना? मग दाबा. बायको मागे उभी राहून काहीतरी सांगत होती. व्हिडिओच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दुपारी. ऊन फार. पुढच्या शनिवारी, नक्की.

१० मे, शनिवार
पत्र्याला भोकं पाडून आत ग्लू सोडला. वर फळी लावून गाडी रिव्हर्समध्ये हळूच टेकवली. दाब उत्तम. थोडा जास्तच. आता पोट नाही, खळगा आहे. लांबून कळत नाही.

११ मे, रविवार
खळगा गेला. पोट परत आलं, पण डावीकडे सरकून. ग्लू ओघळून चाकावर वाळलाय. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका कुंपणावरून म्हणाल्या, "हे असंच दिसायला हवंय का?" अशा बाईंच्या हाताखालून मुलं शिकून गेली. देशाचं काय होणार!

१७ मे, शनिवार
स्क्रू मारले. सगळे जागच्या जागी गरगर फिरतात, पकड घेत नाहीत. हल्लीचा माल निकृष्ट. लांब स्क्रू आणले. एक आत कपाटाच्या फळीतून बाहेर निघाला. सासऱ्यांनी तिथे पेन्सिलीने दोन्ही पोरांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. नेमका बायकोच्या सातव्या वर्षातून. तिने त्यावरून बोट फिरवलं. बायका बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेतात. मी जेवलो नाही. भूक नव्हती.

१८ मे, रविवार
मेहुण्याचं तोंड बंद करायला त्याला मुद्दाम बोलावलं. म्हटलं, बघ, एक थेंब आत येतो का. पाइपने खिडकीवर पाणी सोडलं. ते वरच्या कडेतून आत शिरलं आणि खाली मी पाडलेल्या प्रत्येक भोकातून बाहेर आलं. मग पत्राच सुटून माझ्या पायावर पडला. आतलं लाकूड हातात घेतलं तर भिजलेल्या पावासारखं. मेहुणा हसला नाही. हसला असता तर उत्तर तयार होतं.

२४ मे, शनिवार
दोघं भावंडं सकाळपासून कामाला लागलीत. बायको करवत चालवते! म्हणाली, हीच भिंत तिने बाबांबरोबर एकदा बदलली होती. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं होतं. तू व्हिडिओ बघत होतास." मी स्पष्टीकरण देणार होतो, पण करवतीचा आवाज फार. मला टॉर्च धरायला दिला. नंतर तोही काढून घेतला. हात हलतो म्हणे.

३१ मे, शनिवार
सकाळी निघाले. गाडी बायकोच चालवतेय. काल म्हणाली, "या वेळी आम्ही दोघं भावंडंच जातो." हरकत घ्यायचं कारणच नव्हतं. माझी सुट्टी मंजूर झाली होती, ती विश्रांतीला कामी येईल. फाटकातून हात केला. वळणापर्यंत पत्रा दिसत होता. सरळ होता, मान्य.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान झालं हो काम. कुणी केलं?" म्हटलं, देखरेख माझी. त्या "बरं" म्हणून आत गेल्या.

ट्रेलर होता तिथलं गवत पिवळं पडलंय, बरोब्बर त्याच्या आकाराचं. तिथे खुर्ची टाकून बसलोय. पोचल्याचा फोन नाही आला. रस्त्यात रेंज नसेल.