सत्तावीस चुका

नांदेड, २० नोव्हेंबर १९९९

चि. उद्धव यास प्रमोदिनीअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, फोन नाही. लातूरच्या क्लासवाल्यांनी पोरांबरोबर बापांनाही कोंडून ठेवलंय की काय?

दिवाळीला तुझी उर्वी माझ्याकडे होती तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, त्यांचा कागद सोबत आहे. बुद्धी चांगली आहे, वाचण्या-लिहिण्याची अडचण मात्र जन्मापासूनची. मी धडा वाचून दाखवला की ती माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा चांगली उत्तरं तोंडी देते. तेच लिहायला बसवलं की दोन ओळींत हात घामेजतात. बोर्ड अशा मुलांना दहावीला लेखनिक आणि जादा वेळ देतं. सोबतच्या अर्जावर सही करून तिच्या मुख्याध्यापकांकडे तीस तारखेच्या आत दे. नंतर घेत नाहीत.

तुम्हा दोघांची काळजी करणारी,
अक्का

लातूर, २४ नोव्हेंबर १९९९

ती. अक्कास उद्धवचा शि. सा. नमस्कार.

कोंडलं नाही, पण बाप रोज क्लासच्या दारात उभा असतो हे खरं.

सही केली नाही, रागावू नकोस. जन्मापासूनचं काही नाही. गणपतीला गावी गेलेली पोर त्र्याण्णवच्या भूकंपात पाच तास ढिगाऱ्याखाली होती. ती धास्ती अजून अंगात आहे, हळूहळू जाईल. क्लासचे शंकरप्पा सर म्हणाले, पोरगी हुशार हाय, आळस लई. ते रोज एक निबंध दहादा लिहून घेतात. उद्या स्थळ बघताना कुणी विचारलं, हिचा पेपर दुसऱ्यानं का लिहिला, तर मी काय सांगू? तुझी माया कळते. पण बाप मी आहे.

माया पातळ करू नकोस,
तुझा उद्धव

नांदेड, २७ नोव्हेंबर १९९९

चि. उद्धव यास आशीर्वाद.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे लातूरच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे देते आहे.

लिहायला लाज वाटते. उर्वी दुसरीत असताना तिनं मला पहिलं पत्र लिहिलं होतं. अक्षरं मागंपुढं, काने गळलेले. मी पडले मराठीची बाई. लाल पेनानं सत्तावीस चुका काढल्या, खाली 'लक्ष देत नाही' असा शेरा मारला आणि पत्र तिलाच परत पाठवलं. त्यानंतर तिनं मला कधी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. ते तिच्याकडे असेल तर माग. वर १९९१ सालची तारीख आहे. तेव्हा भूकंप झालाच नव्हता. एवढं बघ आणि सही कर, तीनच दिवस उरलेत.

पदर पसरणारी,
अक्का

लातूर, १८ जून २०००

ती. आत्यास उर्वीचा नमस्कार.

अक्षर शेजारच्या शिवांगीचं आहे, बोलणं माझं. म्हणून यात चुका सापडणार नाहीत.

निकाल लागला. मराठीत एकोणीस, नापास.

तू तपासून परत पाठवलेलं माझं ते पत्र कंपासपेटीत होतं. बाबांनी मागितलं, मी दिलं. त्यांनी तारीख पाहिली नाही. लाल शाई पाहिली, शेरा वाचला आणि म्हणाले, आत्या खुद्द मराठीची बाई हाय, ती बी तेव्हापासून हेच सांगून राहिली. अर्ज कपाटावरच राहिला.

क्लास बंद झाला. पुढच्या रविवारी चाकूरचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. पाहुणे मुलीला नाव लिहायला लावतात, म्हणून बाबा रोज तेवढंच घोटून घेतात. मला तुझा राग येतो. धडे वाचून दाखवणारी पण तूच होतीस, म्हणून रडूही येतं.

ते पत्र सोबत परत पाठवते आहे. शेवटी मी तुला एक विचारलं होतं. शाळेत रोज मारतात, मला तुझ्याकडे नांदेडला नेशील का? त्या ओळीत तू चार चुका काढल्या आहेस. उत्तर लिहायचं राहिलं.

तुझी,
उर्वी