दोन तास आधी

प्रिय हेस्टर,

आज तुझ्या टॅम्सिनचा फोन आला. म्हणाली, "मावशी, जेवणानंतरच्या गोडाला ईटन मेस कसं करायचं ते तूच सांग बाई. आई वाडग्याजवळ यायला तयार नाही. म्हणते, माझा हात लागला की मिरँगचं पाणी होतं."

मी सांगितलं, स्ट्रॉबेरी चिरून साखर लाव, क्रीम सैलसर फेट आणि अंड्याच्या पांढऱ्याची ती कुरकुरीत मिरँग अगदी वाढताना चुरून घाल. आधी घातलीस तर विरघळते. एवढं बोलून मी फोन ठेवला. पुढचंही सांगायला हवं होतं.

त्या जूनमध्ये, क्रिकेट क्लबच्या चहाला, गॅरटबाईंनी वाडग्यावरचं फडकं उचललं आणि म्हणाल्या, "हे काय, सूप केलंय कुणी?" मी म्हणाले, "हेस्टरनं चमचा घातला होता." घातला होतास खरा, चाखण्यापुरता. अकरा वर्षांची तू, रडत घरी गेलीस. सगळं मिसळून ठेवलं होतं मी, दोन तास आधी, कारण मला मैदानाच्या कडेला बसून रूपर्टची फलंदाजी बघायची होती. तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला.

पुढे पन्नास उन्हाळे सगळे तुला चिडवत आले, "हेस्टर, लांब हो, इथं मिरँग आहे!" मीही हसत आले.

पत्रातून कबूल केलं तर तुझ्याकडे बघावं लागणार नाही. म्हणूनच हे पोस्टात टाकत नाही. शनिवारी दहाच्या बसने येते.

तुझी थोरली बहीण,
ब्रेंडा